रिलेच्या घड्याळाचा पक्ष

वीजसंरक्षणात काम करणाऱ्यांना रिलेच्या घड्याळाबद्दल विचारलं, तर बहुतेकांकडून एकच उत्तर मिळतं. फॉल्ट आला की रिले करंट आणि व्होल्टेज बघतो, हिशेब करतो आणि ब्रेकरला ट्रिप देतो. त्या क्षणी त्याच्या पडद्यावर सकाळचे दहा दिसोत की रात्रीचे दोन, ट्रिपिंग व्हायचं तसंच होतं. घड्याळ लागतं ते नंतर, अहवाल लिहिताना. या मतामुळेच ‘टाइम सिंक फेल’ हा अलार्म पॅनलवर महिनोन्‌महिने तसाच राहतो आणि एका शिफ्टचा ऑपरेटर दुसऱ्याला चार्ज देताना त्याचा उल्लेखही करत नाही.

याच मताच्या जोडीने आणखी एक मत नांदतं: उपकेंद्राच्या गच्चीवर जीपीएसचा अँटेना बसवला, घड्याळाचा हिरवा दिवा लागला, की वेळेचा प्रश्न कायमचा मिटला. पहिलं मत घड्याळाला कमी लेखतं, दुसरं त्याच्यावर डोळे झाकून विसंबतं. दोन्हींचं मूळ मात्र एकच आहे. करंट आणि व्होल्टेज या मोजायच्या राशी आहेत, त्यांत चूक होऊ शकते आणि ती तपासावी लागते, हे आपण मानतो. वेळेला मात्र त्या पंक्तीत बसवत नाही. माझा आक्षेप नेमका या पंक्तिभेदाला आहे.

पूर्वपक्ष त्याच्या सगळ्या बळानिशी मांडल्याशिवाय खंडनाला अर्थ नाही, म्हणून आधी तो मांडतो. फिरत्या चकतीचे जुने ओव्हरकरंट रिले घड्याळाशिवायच कित्येक दशकं चालले आणि उत्तम चालले. डिस्टन्स रिले लाइनचा इम्पिडन्स मोजतो. त्यासाठी त्याला स्वतःच्या टोकाचे करंट आणि व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सीटी आणि पीटी, पुरतात. दूरच्या फॉल्टसाठीच्या झोन-2 ला 350 ते 500 मिलिसेकंद थांबायचं असतं, पण ते थांबणं म्हणजे निव्वळ कालावधी. रिलेतला क्वार्ट्‌झ स्फटिक दहा लाखांत दहा भाग चुकला, तरी अर्ध्या सेकंदात ती चूक फक्त 5 मायक्रोसेकंद होते. शिवाय संरक्षणाने बाहेरच्या कशावरही अवलंबून असू नये, अंतराळातल्या उपग्रहावर तर मुळीच नाही, हे तत्त्व अनुभवातून आलेलं आहे. हे सगळं मला मान्य आहे. माझा पुढचा युक्तिवाद या तत्त्वाच्या विरोधात नाही, त्याच्या रक्षणासाठीच आहे.

घोटाळा होतो तो ‘वेळ’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गरजा कोंबल्यामुळे. पहिली गरज कालावधीची. ती रिले स्वतः भागवतो. दुसरी गरज परस्पर जुळणीची: दोन किंवा अधिक उपकरणांचा ‘आत्ता’ एकच असला पाहिजे, मग तो जगाच्या घड्याळाशी जुळो वा न जुळो. तिसरी गरज निरपेक्ष वेळेची, म्हणजे भारतीय प्रमाणवेळेनुसार किती वाजून किती मिलिसेकंद झाले त्याची. पूर्वपक्ष पहिल्या गरजेबद्दल जे सांगतो ते खरं आहे. तेच तो उरलेल्या दोन्हींवर लादतो, तिथे तो चुकतो.

लाइन डिफरन्शियल घ्या. लाइनच्या एका टोकाने आत गेलेला करंट दुसऱ्या टोकाने बाहेर पडला, तर लाइन निरोगी. हिशेबात फरक पडला, तर मध्ये फॉल्ट. तत्त्व अगदी साधं आहे, पण दोन्ही टोकांचे आकडे एकाच क्षणाचे असले तरच. त्यासाठी बहुतेक रिले एकमेकांना निरोप पाठवतात, निरोप जाऊन परत यायला लागलेला वेळ मोजतात आणि त्याचा निम्मा हा एका दिशेचा विलंब धरतात. जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो, हे त्यात गृहीत आहे. आता ऑप्टिकल फायबरच्या रिंगमध्ये कुठे बिघाड झाला आणि संचार यंत्रणेने फक्त एका दिशेची वाट बदलली, तर काय होईल? समजा जाताना 3 मिलिसेकंद लागले आणि येताना 5. एकूण 8, निम्मे 4. प्रत्यक्ष विलंबाशी फरक 1 मिलिसेकंदाचा. पन्नास हर्ट्‌झच्या जाळ्यात 1 मिलिसेकंद म्हणजे 18 अंश. लाइनमधून 1000 अँपिअरचा निव्वळ भार वाहत असेल, तर रिलेला तब्बल 313 अँपिअरचा फरक दिसतो. रिलेचा पहिला उतार 30 टक्क्यांवर ठेवलेला असेल, तर रिले ट्रिपच्या काठावर येऊन उभा राहतो.

आकाश निरभ्र, इन्सुलेटर धडधाकट, लाइनवर फांदीही टेकलेली नाही, आणि तरी लाइन ट्रिप. पेट्रोलिंगची गँग तारा न्याहाळत मैलोन्‌मैल चालते आणि काहीच सापडत नाही, कारण बिघाड तारांत नसतोच, तो दोन घड्याळांमधल्या एका मिलिसेकंदात असतो. घड्याळाचा ट्रिपिंगशी संबंध नाही, हे विधान इथे टिकत नाही.

आयईसी 61850 च्या प्रोसेस बसने हा संबंध आणखी घट्ट केला. तिथे सीटी-पीटीपासून पॅनलपर्यंत तांब्याच्या केबल येत नाहीत. यार्डातलं मर्जिंग युनिट करंट-व्होल्टेजचे नमुने घेऊन ते नेटवर्कवरून रिलेला पाठवतं. प्रचलित पद्धतीत एका आवर्तनात 80 नमुने असतात, म्हणजे सेकंदाला 4000, दोन नमुन्यांत 250 मायक्रोसेकंदांचं अंतर. प्रत्येक नमुन्याला क्रमांक असतो आणि सेकंद बदलला की तो पुन्हा शून्यावर येतो. बसबार संरक्षणाला दहा-बारा बेंच्या मर्जिंग युनिटांचे नमुने एकत्र करून बेरीज करायची असते, आणि ती समान क्रमांकाच्या नमुन्यांचीच करता येते. सेकंदाची सुरुवात दोन युनिटांनी वेगवेगळ्या क्षणी मानली, तर बेरीज खोटी ठरते. म्हणून प्रत्येक नमुन्यासोबत एक खूण जाते: 0 म्हणजे जुळणी नाही, 1 म्हणजे स्थानिक घड्याळाशी जुळणी, 2 म्हणजे जागतिक वेळेशी जुळणी. खूण 0 झाली की सावध रिले अशी बेरीज करणं थांबवतो, म्हणजेच ते संरक्षण स्वतःहून बाजूला होतं. 400 केव्ही बसला त्या वेळी बसबार संरक्षण नसतं आणि त्याचं कारण असतं एक बंद पडलेलं घड्याळ.

इथे एक बारकावा आहे आणि तो माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे. उपकेंद्राच्या आतल्या बेरजेला भारतीय प्रमाणवेळ लागत नाही; सगळ्या युनिटांचं आपसात एकमत पुरतं. अँटेना तुटला तरी मुख्य घड्याळ आपल्या स्फटिकावर चालत राहिलं आणि सगळी युनिटं त्याच्यामागे चालली, तर आतलं संरक्षण शाबूत राहतं. धोका असतो तो उपग्रह परत दिसू लागतात तेव्हा. तोवर काही मायक्रोसेकंद भरकटलेलं घड्याळ एकदम उडी मारून खऱ्या वेळेवर आलं आणि काही युनिटांनी ती उडी आधी, काहींनी नंतर घेतली, तर त्या मधल्या क्षणांत एकमत मोडतं. चांगलं घड्याळ उडी मारत नाही, हळूहळू सरकत खऱ्या वेळेवर येतं. निविदेत ही अट क्वचितच असते. घड्याळ ‘लॉक’ होतं की नाही एवढंच तपासलं जातं. ते लॉक कसं होतं, हे कुणी बघत नाही.

आता पूर्वपक्षाचा दुसरा भाग: वेळेची गरज अहवालापुरती. या ‘पुरती’ला माझा सर्वांत मोठा विरोध आहे. संरक्षण बरोबर वागलं की चुकलं, हे अहवालाशिवाय कळायचा दुसरा मार्ग नाही, आणि पुढची सेटिंग त्यावरच ठरते.

14 ऑगस्ट 2003 रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ऑंटारियो अंधारात गेला, सुमारे 5 कोटी लोकांची वीज गेली. ओहायोतली सॅमिस-स्टार ही 345 केव्ही लाइन दुपारी 4 वाजून 5 मिनिटं 57 सेकंदांनी ट्रिप झाली आणि त्यानंतर काही मिनिटांतच जाळं कोसळलं. या घटनाक्रमाचा मोठा भाग इतका वेगवान होता, की कोणती लाइन आधी गेली आणि कोणती नंतर, हे ठरवल्याशिवाय कारण आणि परिणाम वेगळे करणं अशक्य होतं. दोन्ही देशांच्या संयुक्त चौकशी दलाने आपल्या 2004 च्या अंतिम अहवालात स्पष्ट लिहिलं, की हजारो नोंदींचा क्रम लावण्यात तपासकांची फार शक्ती गेली आणि वेळ जुळवलेली नोंदयंत्रं अधिक असती तर हे काम कितीतरी सोपं झालं असतं. त्या अहवालातली 28 वी शिफारस याचसाठी आहे. पुढे उत्तर अमेरिकेत अशा नोंदींसाठी जागतिक प्रमाणवेळेच्या 2 मिलिसेकंद अलीकडे-पलीकडे ही मर्यादा बंधनकारक झाली.

आपल्याकडे 30 जुलै 2012 च्या पहाटे 2 वाजून 33 मिनिटांनी उत्तर विभागाचं जाळं कोसळलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी 1 च्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तिन्ही विभाग गेले. 30 तारखेच्या घटनेत बीना-ग्वाल्हेर ही 400 केव्ही लाइन झोन-3 वर ट्रिप झाली होती. फॉल्टमुळे नव्हे, वाढलेल्या भारामुळे. सॅमिस-स्टारचंही हेच कारण होतं. दोन खंड, मध्ये नऊ वर्षं आणि रिलेची वागणूक एकसारखी: जड भार आणि घसरलेलं व्होल्टेज यांना त्याने दूरचा फॉल्ट समजलं.

हा योगायोग मी मुद्दाम पुढे ठेवतो, कारण पूर्वपक्षाचं एक चतुर उत्तर यापुढे टिकत नाही. ते म्हणतात, दोन टोकांच्या डीआरची (डिस्टर्बन्स रेकॉर्डची) वेळ जुळत नसली तरी काय बिघडलं? फॉल्टच्या क्षणी करंटच्या तरंगाला जो झटका बसतो तो दोन्हीकडे दिसतो. तो एकावर एक ठेवला की झालं. एका लाइनवरच्या एका फॉल्टसाठी ही युक्ती चालते आणि टेस्टिंगमधली माणसं ती सफाईने वापरतात. पण झोन-3 भारावर ट्रिप होतो तेव्हा झटका नसतोच. करंट हळूहळू चढत असतो, व्होल्टेज हळूहळू उतरत असतं, आणि मग एका क्षणी ब्रेकर उघडतो. एकावर एक ठेवायला तरंगात खूणच नाही. ज्या घटनांत घड्याळ सर्वांत जास्त लागतं, नेमक्या त्याच घटनांत ही युक्ती निकामी होते. 2012 च्या चौकशी समितीने पीएमयूंच्या (फेजर मोजणाऱ्या यंत्रांच्या) आलेखांचा आधार घेतला तो यामुळेच. पीएमयूची प्रत्येक नोंद जन्मतःच उपग्रहाच्या वेळेशी बांधलेली असते.

नियम आपल्याकडेही आहेत. उपकेंद्रात उपग्रहाकडून वेळ घेऊन सगळी उपकरणं भारतीय प्रमाणवेळेशी जुळवणारी यंत्रणा असावी, असं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे बांधकामविषयक नियम सांगतात. घटनेनंतर 24 तासांत डीआर आणि इव्हेंट लॉग विभागीय भार प्रेषण केंद्राला द्यावे लागतात. नियमांची उणीव नाही. उणीव आहे ती दिलेल्या नोंदीतली वेळ खरी आहे का, हे विचारण्याची.

आणि इथे दुसरं मत समोर येतं: हिरवा दिवा लागला की काम झालं.

एका 220 केव्ही लाइनच्या दोन टोकांचे डीआर मी शेजारी-शेजारी ठेवून पाहिले आहेत. एकाच फॉल्टची वेळ एकावर दुपारी 3 वाजून 12 मिनिटं, दुसऱ्यावर रात्री 8 वाजून 42 मिनिटं. मिलिसेकंदांचे आकडे मात्र तंतोतंत जुळत होते. फरक बरोबर साडेपाच तासांचा. एका टोकाचं घड्याळ आयरिग-बी या वेळसंकेताच्या तारेवर आधीच भारतीय वेळ देत होतं आणि रिलेच्या सेटिंगमध्ये पुन्हा साडेपाच तास मिळवलेले होते. दोन्ही टोकांना ‘सिंक हेल्दी’ दाखवणारे हिरवे दिवे अखंड चालू होते आणि ते खोटं बोलत नव्हते. रिले घड्याळाशी अचूक जुळलेला होता, फक्त चुकीच्या वेळेला. साडेपाच तासांची चूक निदान डोळ्यांत भरते. घड्याळाने प्रमाणवेळेऐवजी जीपीएसची स्वतःची वेळ दिली, तर फरक फक्त 18 सेकंदांचा पडतो, आणि तो पटकन कुणाच्या लक्षात येत नाही.

आयरिग-बी हा संकेत अमेरिकी क्षेपणास्त्र चाचणी केंद्रांसाठी तयार झाला. मुळात त्यात वर्षही नव्हतं. दिवसाचा क्रमांक, तास, मिनिटं, सेकंद एवढंच. आयईईईने नंतर त्यात भर घातली तेव्हा प्रमाणवेळेपासूनचं अंतर कळवायला काही बिटं ठेवली आणि त्यांत अर्ध्या तासासाठी एक बिट वेगळं ठेवलं. आपल्यासारख्या साडेपाच तासांच्या देशाला त्या एका बिटाचं मोल फार आहे. घड्याळाने ही बिटं पाठवली आणि रिलेला ती वाचायला सांगितलं, तर वर सांगितलेली चूक होऊच शकत नाही. त्यासाठी कार्यान्वयनाच्या वेळी दोन्ही बाजूंची सेटिंग एकाच माणसाने एकत्र बघावी लागतात. व्यवहारात घड्याळ एका कंत्राटात येतं, रिले दुसऱ्या.

उपग्रहांकडून येणारी वेळही निर्दोष असते असं नाही. 26 जानेवारी 2016 रोजी एक जुना जीपीएस उपग्रह सेवेतून काढताना भूकेंद्राकडून चूक झाली आणि 15 उपग्रह प्रमाणवेळेची 13.7 मायक्रोसेकंद चुकीची दुरुस्ती काही तास प्रसारित करत राहिले. नकाशावर वाट शोधणाऱ्याला काही जाणवलं नाही, कारण स्थाननिश्चितीला ही दुरुस्ती लागतच नाही. वेळ घेणाऱ्या रिसीव्हरांना मात्र ती थेट भोवली. पन्नास हर्ट्‌झवर 13.7 मायक्रोसेकंद म्हणजे पाव अंश. पीएमयूला एकूण 1 टक्का चूक माफ असते. ती सगळी वेळेतच झाली तर सुमारे 32 मायक्रोसेकंद. म्हणजे माफीतला चाळीस टक्क्यांहून जास्त वाटा त्या एका दिवसाने खाल्ला. 6 एप्रिल 2019 ला जीपीएसचा दहा बिटांचा आठवड्यांचा गणक 1024 आठवड्यांनी पुन्हा शून्यावर आला, तेव्हा काही जुने रिसीव्हर तारखेत जवळपास वीस वर्षं मागे गेले. उपग्रहाचा खोटा संदेश पाठवून पीएमयूचा कोन सरकवता येतो, हेही टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी 2012 च्या सुमारास दाखवून दिलं.

या मायक्रोसेकंदांना जमिनीवर मोल आहे. ट्रॅव्हलिंग वेव्ह पद्धतीच्या फॉल्ट लोकेटरमध्ये फॉल्टपासून दोन्ही टोकांना निघालेल्या लहरी केव्हा पोचल्या, या फरकावरून जागा काढतात. लहर मायक्रोसेकंदात जवळपास 300 मीटर जाते, म्हणून दोन घड्याळांत 1 मायक्रोसेकंदाचा फरक असेल तर जागा 150 मीटरने चुकते. एका टोकाने ती 13.7 ची चुकीची दुरुस्ती घेतली आणि दुसऱ्याने घेतली नाही, तर चूक दोन किलोमीटरची. कोकणातून घाट चढून देशावर येणाऱ्या लाइनवर, पावसाळ्यात, दोन किलोमीटर म्हणजे पाच-सहा टॉवर, मध्ये दोन दऱ्या, आणि गँगचा अख्खा दिवस.

आणखी एक भ्रम इथेच खोडायला हवा. इव्हेंट लॉगमध्ये वेळ मिलिसेकंदापर्यंत छापलेली असते म्हणून ती तितकी अचूक आहे, असं मानण्याची सवय आहे. छापलेला अंक आणि अचूकता यांचा काही संबंध नाही. ब्रेकरचा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट मिटला की तो काही काळ थरथरतो. ती थरथर गाळण्यासाठी प्रत्येक रिलेच्या इनपुटवर काही मिलिसेकंदांचा गाळणकाळ लावलेला असतो आणि तो कंपनीगणिक वेगळा असतो. काही रिले गाळण्याआधीची वेळ नोंदवतात, काही नंतरची. त्यामुळे घड्याळं मायक्रोसेकंदापर्यंत जुळलेली असूनही एकाच कॉन्टॅक्टच्या दोन रिलेंतल्या नोंदी 10 मिलिसेकंदांनी वेगळ्या असू शकतात, आणि त्यावरून ‘आधी कोण’ याचा उलटा निष्कर्ष निघू शकतो.

खंडन एवढं पुरे. मग काय करावं? माझं मागणं सरसकट नाही. 33 केव्हीच्या साध्या रेडियल फीडरला मायक्रोसेकंदांची गरज नाही. नेटवर्कवरून एसएनटीपीने आलेली काही मिलिसेकंदांची अचूकता तिथे भरपूर झाली. दहा लाखांत दहा भाग चुकणारा स्फटिक एकटा सोडला तर महिन्याला 26 सेकंद भरकटतो. तेवढं टळलं तरी त्या फीडरचं काम भागतं. प्रोसेस बस, लाइन डिफरन्शियल, पीएमयू, ट्रॅव्हलिंग वेव्ह, इथे मात्र वेळेला करंट-व्होल्टेजचा दर्जा दिलाच पाहिजे.

दर्जा देणं म्हणजे काय, ते पीटी फ्यूज फेलवरून कळेल. पीटीचा फ्यूज उडाला की डिस्टन्स रिले स्वतःला रोखतो, अलार्म वाजतो, ऑपरेटर ताबडतोब फोन करतो, आणि फ्यूज बदलेपर्यंत कुणी स्वस्थ बसत नाही. कारण रिलेला लागणारी एक राशी हरवली आहे, हे सर्वांना पटलेलं असतं. ‘टाइम सिंक फेल’चा अलार्म त्याच यादीत, त्याच तातडीने हवा. प्रत्येक योजनेच्या सेटिंग शीटवर वेळेचा एक रकाना हवा: या संरक्षणाला तिन्हींपैकी कोणती वेळ लागते, किती चूक चालते, आणि वेळ गेली तर रिले काय करणार, थांबणार, पर्यायी पद्धतीवर जाणार की तसाच चालणार. संरक्षण उपग्रहावर अवलंबून असू नये, हे पूर्वपक्षाचं तत्त्व खऱ्या अर्थाने इथे पाळलं जातं. घड्याळाकडे काणाडोळा करून ते पाळलं जात नाही.

वेळेची चाचणी महागडीही नाही. सर्व रिलेंचं एकेक मोकळं इनपुट समांतर जोडा, आउटेजमध्ये एकच कॉन्टॅक्ट एकदा मिटवा आणि सगळ्यांचे इव्हेंट लॉग काढून शेजारी मांडा. साडेपाच तासांची चूक, 18 सेकंदांची चूक आणि गाळणकाळातला फरक, तिन्ही त्या एका तक्त्यात दिसतात. मग अँटेनाची केबल काढा, घड्याळाला काही तास एकटं चालू द्या, केबल परत लावा आणि मर्जिंग युनिटांची खूण कशी बदलते ते नोंदवा. लाइनच्या दोन्ही टोकांचं एकत्र इंजेक्शन करताना एका बाजूचा संचारमार्ग मुद्दाम लांबचा द्या. आज वार्षिक टेस्ट रिपोर्टमध्ये सीटीचं गुणोत्तर असतं, रिलेचा पिकअप असतो, ब्रेकरचा वेळ असतो. वर सांगितलेल्या वेळेच्या एकाही चाचणीला त्यात जागा नसते.

नवीन उपकेंद्रांच्या निविदांत मात्र अजून बहुधा एकच ओळ सापडते: जीपीएस घड्याळ, 1 नग. तिथे दोन स्वतंत्र स्रोत हवेत, त्यांतला एक तरी जीपीएसखेरीज भारताच्या नाविकचेही संदेश घेणारा. उपग्रह दिसत नसताना किती तासांत किती मायक्रोसेकंद भरकटेल, याचा आकडा पुरवठादाराने लिहून द्यावा आणि तो कारखान्यातल्या चाचणीत दाखवावा. वेळ परत मिळाल्यावर घड्याळ उडी मारणार नाही, सरकत येईल, हेही त्याच चाचणीत दिसावं. रिले आणि घड्याळ यांची वेळेची सेटिंग एकाच आराखड्यावर, एकाच सहीने मंजूर व्हावीत.